सँडविच मेकर: कुठला घ्यावा, कसा वापरावा, सँडविच मऊ का पडतं

ओटाभर

नमस्कार मंडळी. घरासाठी सँडविच मेकर घ्यायचा आहे. माणसं चार, ओटा लहान, आणि मिक्सरच्या शेजारी सहा अँपिअरचा एकच पॉइंट. करायचं आहे ते आपलं मुंबईचं व्हेज टोस्ट आणि मसाला टोस्ट. म्हणजे हिरवी चटणी, बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा आणि भरपूर बटर. दुकानात तीन प्रकार दिसतात: गॅसवर धरायचा हातातला टोस्टर, विजेवरचा त्रिकोणी खाचांचा आणि विजेवरचाच पट्ट्यांचा ग्रिल. तिघांत नेमका फरक काय? आणि गाडीवरचं सँडविच शेवटच्या तुकड्यापर्यंत कुरकुरीत राहतं, घरचं ताटलीत ठेवल्या ठेवल्या मऊ पडतं, ते का?

बिजागरी

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

सँडविच मऊ पडतं ते वाफेमुळे. काकडी-टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. चटणीत पाणी, उकडलेल्या बटाट्यात पाणी, बटरमध्येसुद्धा थोडं पाणी. दोन गरम प्लेटांच्या मध्ये ते तापलं की वाफ होते आणि बाहेर पडायला वाट शोधते. ब्रेडच्या पृष्ठभागावरचं पाणी निघून गेल्याशिवाय तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खमंग तपकिरी रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे वाफ जितकी कोंडेल तितका रंग उशिरा येईल आणि आलेला कुरकुरीतपणा आतल्या ओलाव्याने पुन्हा जाईल.

या नजरेने तिन्ही प्रकार पाहा.

त्रिकोणी खाचांचा मेकर ब्रेडच्या चारही कडा आणि मधली तिरकी रेघ दाबून बंद करतो. ही कापून कडा बंद करायची रचना ऑस्ट्रेलियातल्या ब्रेव्हिल कंपनीने १९७४ साली बाजारात आणली आणि आजही जवळपास तशीच आहे. कडा बंद, म्हणजे सारण सांडत नाही. पण वाफही आतच राहते. म्हणून तो कोरड्या सारणासाठी उत्तम: बटाट्याची भाजी, चीज-कॉर्न, पनीर भुर्जी. काकडी-टोमॅटोच्या चकत्या त्यात घातल्या तर आत शिजून गिळगिळीत होतात.

ग्रिलमध्ये सँडविचच्या चारही बाजू उघड्या राहतात. वाफ बाजूने निघून जाते. तुमच्या व्हेज टोस्टला हाच जवळचा. मात्र घेताना वरची प्लेट बिजागरीवर उचलली जाते का, ते बघा. काहींत बिजागरी एका जागी पक्की असते. जाड सँडविच ठेवलं की मागची कड चेपते आणि पुढची कोरी राहते. उचलल्या जाणाऱ्या बिजागरीत वरची प्लेट आडवी सपाट बसते, तीन स्लाइसचं सँडविचही सारखं भाजतं. दुकानात खोका उघडायला लावा, मध्ये दोन बोटं आडवी धरा आणि वरचं झाकण अलगद टेकवा. पुढे आणि मागे सारखंच टेकलं तर बिजागरी बरोबर आहे.

सिगडी

गॅसवरच्या टोस्टरला एवढ्या लवकर बाजूला सारू नका. चर्चगेटच्या कॉलेजांबाहेर काय, दादर स्टेशनबाहेर काय, गाडीवर जो टोस्टर दिसतो तो हाच: ओतीव अॅल्युमिनियमचे जाड तवे, लांब दांडे, खाली कोळशाची शेगडी. अॅल्युमिनियम उष्णता भरभर पसरवतं, आणि जाड असलं की थंड ब्रेड ठेवल्यावर लगेच गार पडत नाही. विजेच्या स्वस्त मेकरमध्ये नेमकं हेच कमी पडतं. त्यांची प्लेट पातळ पत्र्याची असते, ब्रेड टेकला की तापमान खाली येतं आणि पुन्हा चढेपर्यंत ब्रेड भाजला जाण्याऐवजी वाफवला जातो.

घेताना हातात तोलून बघा. दोन टोस्टर दिसायला सारखे असले तरी जड असेल तो घ्या. दोन्ही तव्यांच्या कडा मिटवून उजेडासमोर धरा. एका बाजूने फट दिसली तर ती बाजू नेहमी फिकी राहणार. दांडा लाकडी किंवा बेकेलाइटचा असावा आणि त्याचा स्क्रू सुटा असावा, कारण दांडे सैल होतात आणि कधीतरी बदलावे लागतात. भुलेश्वरच्या भांड्यांच्या दुकानांत साधे, बिनलेपाचे मिळतात. मला विचाराल तर तेच घ्या.

वापरायची पद्धत: बर्नर लहान घ्या, आच मंद ते मध्यम. दोन्ही बाजू एकेक मिनिट तापवून आत ब्रशने बटर फिरवा. सँडविच ठेवून दांडे मिटा, कडी लावा आणि बाहेर आलेल्या ब्रेडच्या कडा सुरीने तिथेच कापून टाका. नाहीतर त्या जळून बर्नरवर पडतात आणि सगळ्या सँडविचला करपट वास लागतो. मग दीड मिनिट एक बाजू, दीड मिनिट दुसरी. उघडून बघा. पुन्हा एकेक मिनिट. एकूण पाच-सहा मिनिटं. एकच बाजू सलग चार मिनिटं ठेवली तर ती करपते आणि दुसरी वाफेने ओली होते. गाडीवरचा माणूस टोस्टर सतत उलटत असतो तो याचसाठी.

एक अडचण आहे. लहान टोस्टर बर्नरच्या मोठ्या जाळीवर डगमगतो आणि दांड्याच्या वजनाने कलंडतो. चहाच्या लहान भांड्यासाठी जी छोटी लोखंडी जाळी मिळते, ती बर्नरवर ठेवा.

तिसरी_पिन

इंडक्शन शेगडी असेल तर साधा अॅल्युमिनियमचा टोस्टर तिच्यावर तापणारच नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता विजेचं. सहा अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॉट चालतात. ७५० वॉटचा मेकर सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतो, त्यामुळे एकटा असेल तर निश्चिंत चालवा. पण त्याच पॉइंटवर बहुपिन (मल्टिप्लग) लावून शेजारी १५०० वॉटची किटली किंवा मिक्सर चालू केला तर पिना तापतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि पुढे सॉकेटच जळतं. एका वेळी एकच उपकरण. चार स्लाइसच्या किंवा मोठ्या ग्रिलवर १५०० ते २००० वॉट लिहिलेलं असतं. त्याला सोळा अँपिअरचा पॉइंटच हवा. अडॅप्टर लावून सहा अँपिअरवर आणू नका.

तीन पिना हव्यात. मेकरच्या प्लेटा धातूच्या असतात, हात ओले असतात, ओटा ओला असतो. जुन्या चाळीतल्या घरात सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून ते एकदा तपासून घ्या. खोक्यावर आणि उपकरणाच्या तळाच्या पट्टीवर आयएसआयची खूण आणि आयएस ३०२ हा क्रमांक आहे का, तेही पाहा.

विजेच्या बिलाची चिंता नको. ७५० वॉटचा मेकर दहा मिनिटं सलग चालला तरी एका युनिटचा आठवा भाग होतो, आणि थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला वीज तोडणारा स्विच) मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

पाव_शेर

यंत्रावर बरंच झालं. ब्रेडचं कुणी बोललं नाही, आणि अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात.

पहिलं, माप. बाजारात साधा स्लाइस ब्रेड वेगळा आणि मोठा सँडविच ब्रेड वेगळा. मोठ्याची स्लाइस त्रिकोणी खाचांच्या बऱ्याच मेकरमध्ये मावत नाही. कड काठावर चढते, झाकण मिटत नाही, मग जोर लावला जातो आणि खटका तुटतो. घरी नेहमी जो ब्रेड येतो त्याची एक स्लाइस कागदावर ठेवून पेन्सिलने आखा, कापा आणि तो कागद खिशात घालून दुकानात जा. मुंबईत विजेच्या वस्तूंच्या बाजारात, लोहार चाळीत, दुकानदार खोका उघडून दाखवतात. कागद खाचेत सपाट बसला पाहिजे. चारही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर कमी असला तरी चालेल, जास्त मात्र नको.

दुसरं, शिळेपणा. त्याच दिवशीचा मऊ ब्रेड दाबल्यावर लगद्यासारखा होतो आणि बटर लावतानाच फाटतो. एक दिवसाचा घ्या. ताजाच असेल तर स्लाइस जाळीवर पंधरा-वीस मिनिटं सुट्या मांडून ठेवा.

तिसरं, साखर. मिल्क ब्रेड आणि काही ब्राउन ब्रेड गोडसर असतात. साखरेमुळे रंग लवकर येतो, आतलं गरम होण्याआधीच बाहेरून काळपट पडतो. असा ब्रेड असेल तर विजेच्या मेकरमधून दीड-एक मिनिट आधी काढा आणि गॅसवर आच आणखी कमी ठेवा. मुंबईच्या गाड्यांवर बहुतेक ठिकाणी साधा पांढरा ब्रेड असतो, बऱ्याचदा विब्सचा. त्याचा पोत घट्ट, तीन थरांचं वजन पेलतो.

चटणीवाटी

आता मधलं. ही मापं चार सँडविचची आहेत, दोन स्लाइसचं एक याप्रमाणे.

चटणी: निवडलेली कोथिंबीर ६० ग्रॅम, कोवळ्या देठांसकट, पुदिन्याची १०–१२ पानं, हिरव्या मिरच्या ४, आलं अर्धा इंच, जिरं अर्धा चमचा, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ, आणि भाजलेलं डाळं एक मोठा चमचा. पाणी फ्रिजमधलं गार, दोन-तीन चमचेच. डाळं पाणी शोषून घेतं आणि चटणीला अंग येतं. गार पाण्याने मिक्सरमध्ये चटणी तापत नाही, म्हणून रंग हिरवा राहतो. झाली की चमचाभर घेऊन चमचा उलटा करा. चटणी थेंबाने गळली तर पातळ आहे. तशीच धरून राहिली तर सँडविचला योग्य.

बटाटे: दोन मध्यम, अख्खे उकडून पूर्ण गार करा, जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये. गार बटाटा घट्ट होतो, चार मिलिमीटरच्या स्वच्छ चकत्या पडतात आणि पाणी सोडत नाही. गरम बटाटा सुरीला चिकटतो आणि सँडविचमध्ये वाफ धरतो.

काकडी दोन-तीन मिलिमीटर जाड. टोमॅटो घट्ट घ्या, बिया आणि गर काढून टाका, चकत्या स्वच्छ फडक्यावर पसरून वरून टिपा. कांदा पातळ. बीट घालणार असाल तर उकडून, तेही टिपून.

क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही स्लाइसना आतून आधी बटर, कडेपर्यंत, एकेक सपाट चमचा. बटर ब्रेड आणि चटणीच्या मध्ये आडोसा धरतं. त्यावर चटणी, स्लाइसमागे दीड चमचा. मग बटाटा. मग काकडी, टोमॅटो, कांदा. वरच्या स्लाइसलगत पुन्हा बटाट्याच्या दोन चकत्या ठेवल्या तर ओल्या भाज्या दोन्हीकडून बटाट्याच्या मध्ये अडकतात आणि ब्रेडला थेट टेकत नाहीत.

मसाला बटाट्यावर भुरभुरा. काकडी-टोमॅटोवर नको. सँडविच मसाल्यात काळं मीठ असतं आणि मीठ लागलं की भाजी पाणी सोडते. चार सँडविच भरून ओळीने मांडून ठेवली आणि मग एकेक भाजायला घेतलं, तर शेवटचं हमखास ओलं होतं. एक भाजायला लावा आणि तेवढ्यात पुढचं भरा.

सँडविच मसाला घरी करायचा तर: जिरं दोन चमचे, बडीशेप एक चमचा, मिरे अर्धा चमचा, दालचिनीचा बोटभर तुकडा, सगळं कोरडं भाजून, गार करून दळा. त्यात काळं मीठ दोन चमचे आणि आमचूर एक चमचा. हवाबंद बाटलीत महिनाभर वास टिकतो.

ओटाभर

@चटणीवाटी, फार उपयोगी. मसाला टोस्टच्या भाजीचं आणि चीजचंही सांगाल का? चीज दर वेळी बाहेर येऊन प्लेटवर जळतं.

चटणीवाटी

भाजी: बटाटे अर्धा किलो, उकडून कुस्करलेले. फोडणीला तेल दीड मोठा चमचा, मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा कढीपत्त्याची पानं बारीक चिरून, मिरची-आल्याचं वाटण एक चमचा. बटाटा घातल्यावर झाकण ठेवायचं नाही. उघड्या कढईत तीन-चार मिनिटं परता, तळाला कोरडी पापडी धरायला लागली की उतरवा. लिंबू आणि कोथिंबीर गार झाल्यावर. ही भाजी सहा सँडविचना पुरते. त्रिकोणी मेकरमध्ये प्रत्येक त्रिकोणात एक भरगच्च मोठा चमचा, मधल्या तिरक्या रेघेवर आणि कडेच्या एक सेंटिमीटरमध्ये काहीच नको. तिथे सारण आलं तर कडा मिटत नाहीत.

चीजचंही तेच, कडेपासून एक सेंटिमीटर आत. क्यूब असेल तर किसून घाला. अमूलचा क्यूब २५ ग्रॅमचा येतो, एका सँडविचला एक पुरे. प्रोसेस्ड चीज गरम झाल्यावर सहसा तेल सोडत नाही, कारण त्यात ते एकजीव ठेवणारे क्षार असतात. मोझरेला ताणला जातो, पण पाणी आणि तूप दोन्ही सोडतो, म्हणून तो बटाट्यावर ठेवा, टोमॅटोवर नको. पनीर वितळत नाही. चीजऐवजी नुसतं पनीर घातलं तर दोन स्लाइस एकमेकींना धरत नाहीत आणि कापताना सगळं सुटतं.

बिजागरी

विजेच्या मेकरचा वापर क्रमाने लिहितो. बहुतेक चुका हिरव्या दिव्याच्या समजुतीत आहेत.

नवीन असताना प्लेटा ओल्या फडक्याने पुसून, कोरड्या करून, खिडकी उघडी ठेवून मेकर रिकामा पाच-सात मिनिटं चालवा. थोडा धूर आणि वास येईल, तो कारखान्यातल्या तेलाचा. तो गेल्याशिवाय खायचं काही ठेवू नका.

रोजच्या वापरात हिरवा दिवा पहिल्यांदा लागला म्हणजे थर्मोस्टॅटजवळची जागा तापली एवढाच त्याचा अर्थ. प्लेटचे कोपरे अजून मागे असतात. दिवा एकदा विझून पुन्हा लागू द्या, मग सँडविच ठेवा. त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. पहिलं सँडविच फिकं आणि दुसरं झकास, ही तक्रार इथेच मिटते.

ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला बटर लावा, प्लेटला नको. प्लेटवर ओतलेलं बटर खाचेत साठतं, जळतं आणि बिजागरीत उतरतं.

झाकण टेकवा, पण पहिलं मिनिटभर खटका लावू नका. ब्रेड तापून जरा नमला की खटका सहज लागतो. थंड, जाड सँडविचवर जोराने खटका मारला की प्लॅस्टिकचं नाक तुटतं किंवा बिजागरीची पिन वाकते. दुरुस्तीला येणाऱ्या मेकरमध्ये हे दुखणं नेहमीचं. दाबाने कुरकुरीतपणा येत नाही. ब्रेड प्लेटला सगळीकडे टेकला पाहिजे, एवढंच झाकणाचं काम.

मग बाजूने येणारी वाफ बघत राहा. पहिली दोन मिनिटं ती जोरात येते, नंतर विरळ होते. विरळ झाली की आणखी मिनिटभर ठेवा आणि मग उघडा. ७५० वॉटला एकूण चार ते सहा मिनिटं. वाफ जोरात असताना झाकण उघडलं तर वरची स्लाइस प्लेटला चिकटून सोलली जाते. उघडताना चेहरा आणि मनगट बाजूला ठेवा, मागून येणारी वाफ चांगलीच भाजते.

पुढचं सँडविच ठेवण्याआधी दिवा पुन्हा लागू द्या, मिनिट-दोन मिनिटं.

पाव_शेर

काढलं की ताटलीत ठेवायचं नाही. गरम सँडविच स्टीलच्या ताटलीवर ठेवलं की खाली वाफेचं पाणी जमतं, आणि खालची स्लाइस तेच पाणी पुन्हा पिते. ताटली उचलून बघा, सँडविचच्या आकाराचा ओला चौकोन उमटलेला दिसेल. जाळीवर दोन मिनिटं ठेवा, मग कापा. कुकरची जाळी किंवा उलटी ठेवलेली भोकांची चाळणही चालते.

डब्यात द्यायचं असेल तर जाळीवर सात-आठ मिनिटं, पूर्ण कोमट होईपर्यंत. मग सुती रुमालात किंवा साध्या कागदात गुंडाळून डब्यात. फॉइलमध्ये गरम बांधलं तर शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत ते ओलंच होतं. डब्याच्या सँडविचमध्ये टोमॅटो घालूच नका.

सिगडी

वरची बाजू फिकी राहते म्हणणाऱ्यांसाठी: बटाट्याच्या चकत्या मध्ये उंच आणि कडेला नाहीत असं होतं, मग ब्रेडला उंचवटा येतो आणि प्लेट फक्त मध्येच टेकते. सारण सपाट पसरा. तरीही फिकी राहिली तर तीन मिनिटांनी सँडविच उलटा.

तिसरी_पिन

नॉनस्टिकबद्दल एक काळजीची गोष्ट. लेप सहसा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, असतो. साधारण २६० अंशांच्या पुढे तो खराब व्हायला लागतो आणि ३५० च्या पुढे त्याचं विघटन होऊन घातक धूर निघतो. विजेच्या मेकरमध्ये थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे तिथे तापमान इतकं वर जात नाही. गॅसवरच्या टोस्टरला असा पहारेकरी नाही. नॉनस्टिक लेपाचा टोस्टर मोठ्या आचेवर रिकामा ठेवला तर काही मिनिटांतच तो धोक्याच्या तापमानाला पोचू शकतो. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर अधिकच जपा, हा धूर पक्ष्यांच्या जिवावर बेततो. म्हणून गॅससाठी वर @सिगडी यांनी सांगितलेला बिनलेपाचा टोस्टर हाच माझाही कौल.

बिजागरी

+१. आणि लेप असलेल्या प्लेटवर सुरी किंवा काट्याने सँडविच उचकटू नका. लाकडी उलथनं घ्या.

स्वच्छता: प्लग काढा. प्लेट कोमट असताना कोरड्या टिश्यूने तेल टिपा. चीज किंवा चटणी चिकटली असेल तर सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, प्लेटांच्या मध्ये पसरून ठेवा आणि झाकण मिटून पाच मिनिटं थांबा. उरलेल्या उष्णतेची वाफ होते आणि चिकटलेलं सुटतं. हे प्लग काढलेला असतानाच. तारेची घासणी नको, तेलाचे फवारेही नकोत. फवाऱ्यातला लेसिथिन दर वेळी थोडा थोडा भाजून प्लेटवर चिकट पिवळा थर धरतो, आणि मग लेप शाबूत असूनही सगळं चिकटायला लागतं. मेकर नळाखाली धरायचा नाही, अगदी प्लेटपुरताही नाही. प्लेटा सुट्या निघणारा असेल तरच प्लेटा धुवा आणि बसवण्याआधी मागची बाजूही पूर्ण वाळवा.

बिजागरीच्या खाचेत जुन्या टूथब्रशने ब्रेडचा चुरा काढत चला. मुंबईत झुरळांना तेवढं आमंत्रण पुरतं.

बिनलेपाचा अॅल्युमिनियमचा टोस्टर काळा पडतो. चिंचेच्या कोळात दहा मिनिटं ठेवून मऊ घासणीने घासा, वाळवून आतून तेलाचं बोट फिरवा. चटणी-टोमॅटोचा आंबटपणा रात्रभर तसाच राहिला तर पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि पुढे ब्रेड तिथेच धरतो.

ओटाभर

पावसाळ्याचं कुणी सांगेल का? शेजारच्या घरात जुना मेकर आहे. जुलैमध्ये लावला की घराचं ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतं, उन्हाळ्यात काही होत नाही.

तिसरी_पिन

ओळखीचं लक्षण आहे. प्लेटच्या खाली नळीसारखं एलिमेंट असतं. आत तापणारी तार, बाहेर धातूची नळी, आणि मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ती पूड वीज अडवते, पण हवेतला ओलावा ओढते. नळीच्या टोकाचं सील जुनं झालं की दोन-तीन महिने न वापरलेल्या मेकरमध्ये पावसाळी हवा शिरते. मग थोडी वीज नळीकडे गळते आणि घरातलं ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी, म्हणजेच आरसीसीबी, पडतं. ते आपलं काम बरोबर करतंय. त्याला बगल देऊन, किंवा अर्थिंगची पिन काढून मेकर चालवायचा नाही. तसं केलं तर तीच वीज ओल्या हाताने दांडा धरणाऱ्याच्या अंगातून जाईल.

दुरुस्तीवाल्याकडे नेऊन इन्सुलेशन मोजून घ्या. नुसता ओलावा असेल तर तो एलिमेंट वाळवून देतो. वाळवूनही मोजमाप सुधारलं नाही तर एलिमेंट गेलं. हे टाळायचं असेल तर जून ते सप्टेंबर मेकर दर पंधरा दिवसांनी एकदा तरी दहा मिनिटं चालवा. माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, समुद्राकडच्या घरात तर नाहीच.

बाकीच्या बिघाडांची ओळख अशी. दोन्ही दिवे बंद, सॉकेट चालू: वायर मुळाशी तुटली आहे किंवा थर्मल फ्यूज (मेकर अति तापला की वीज तोडणारा) गेला आहे. लाल दिवा लागतो, प्लेट तापत नाही: एलिमेंट किंवा त्याची जोडणी. तापतच राहतो, दिवा कधी बदलत नाही, धूर येतो: थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटले. या तिसऱ्यात लगेच प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

बिजागरी

थर्मल फ्यूजबद्दल एक भर. तो एकदा गेला की गेला, पुन्हा जोडला जात नाही. दुरुस्तीवाला तिथे नुसती वायर जोडून देत असेल तर घेऊ नका. पुढच्या वेळी थर्मोस्टॅट चिकटला तर आग लागेपर्यंत अडवणारं काहीच उरत नाही. फ्यूजवर तापमानाचा आकडा छापलेला असतो, त्याच आकड्याचा नवा बसवायला सांगा. आणि तो डाग देऊन (सोल्डर करून) नाही तर चिमटीच्या जोडाने (क्रिंप करून) बसवायचा. डाग देतानाच्या उष्णतेने नवा फ्यूज तिथल्या तिथे उडतो.

लाडीपाव_दादर

वाखू (वाचनखूण) साठवली. एक विचारायचं होतं, ग्रिल घेतला तर सँडविचशिवाय त्यात काय काय होतं? ओट्यावरची जागा अडते म्हणून.

चटणीवाटी

सपाट किंवा कमी खोल पट्ट्यांच्या ग्रिलवर सुरणाचे आणि कच्च्या केळ्याचे काप छान होतात. अर्धा सेंटिमीटर जाड, मीठ-तिखट-हळद लावून दहा मिनिटं, रव्यात घोळवून, दोन्हीकडून तेलाचं बोट. मध्यम जाडीला आठ-दहा मिनिटं. पनीर एक सेंटिमीटर जाड, चार मिनिटं. लादी पाव मधून कापून, बटर-मसाला लावून, झाकण अलगद टेकवून दोन मिनिटं. दाबला तर पोळीसारखा होतो.

पातळ पीठ ग्रिलवर नको, उतारावरून तेल जाण्याच्या वाटेने वाहतं. मुगाच्या पिठाचं किंवा रव्याचं काही करायचं असेल तर त्रिकोणी खाचांचा मेकर बरा, खाचेत पीठ थांबतं. खाच पाऊण भरा, वर फुगायला जागा लागते.

मासे करू नका, म्हणजे करता येतात, पण वास बिजागरीत बसतो आणि पुढची आठ सँडविचं सुरमईची लागतात.

ओटाभर

सगळं वाचून असं ठरतंय: ७५० ते १००० वॉटचा, उचलल्या जाणाऱ्या बिजागरीचा, कमी खोल पट्ट्यांचा ग्रिल. आणि एकट्यासाठी करायचं असेल तेव्हा भुलेश्वरचा बिनलेपाचा टोस्टर. ठीक आहे ना?

सिगडी

अगदी ठीक. टोस्टर घेताना मगाशी सांगितलेला कागद तिथेही न्या, चौकोनी टोस्टरांतही दोन-तीन मापं येतात.

बिजागरी

ग्रिलची वायर किती लांब आहे तेही बघा. बऱ्याच मेकरची वायर मीटरभरही नसते. सॉकेट ओट्याच्या कोपऱ्यात, बेसिनजवळ असेल तर ग्रिल तिथेच, पाण्याच्या शिंतोड्यात ठेवावा लागेल. घरून सॉकेटपासून जागेपर्यंतचं अंतर मोजून घेऊन जा.